'मॅजिक कार्पेट': निव्वळ स्मरणरंजन की खरोखर मोठा खेळ?

मांडणी

इंग्लंडमधील गिल्डफर्डच्या 'बुलफ्रॉग' कंपनीने १९९४ साली आणलेल्या 'मॅजिक कार्पेट' या संगणक-खेळाचा विषय निघाला, की 'खेळ सामान्यच होता, तुम्हाला तो काळ आवडतो' असे हमखास ऐकवले जाते. हे मला मुळीच मान्य नाही. विमानाऐवजी उडता गालिचा ही गंमत वरवरची होती. खरी करामत होती खालच्या जमिनीत. ज्वालामुखीचा मंत्र टाकला की सपाट माळातून डोंगर वर येऊन आग ओकू लागे, भूकंपाने जमीन दुभंगे, आणि पुढची लढाई त्याच बदललेल्या भूमीवर लढावी लागे. शिवाय नुसते शत्रू मारून भागत नसे. मेलेल्या प्राण्यातून मॅनाचे, म्हणजे जादूच्या शक्तीचे, सोनेरी गोळे सांडत, त्यांवर ताब्याचा मंत्र मारला की ते आपल्या रंगाचे होत, आणि मग आपल्या किल्ल्यावरून निघालेला फुगा संथपणे येऊन ते उचलून नेई. तो पोहोचण्याआधी प्रतिस्पर्धी जादूगाराने तेच गोळे स्वतःच्या रंगाचे करून टाकले, की सगळी मेहनत पाण्यात. उडणे, लढणे आणि राज्य सांभाळणे यांची अशी सांगड मला पुढे क्वचितच दिसली.

प्रतिसाद (विरोधी)

आपण कल्पनेचे वर्णन केलेत, खेळण्याच्या अनुभवाचे नाही. जगे, म्हणजे खेळाचे टप्पे, पन्नास होती. पण ठरावीक प्रमाणात मॅना गोळा करा आणि पुढे जा, हे उद्दिष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच राहिले. नवे मंत्र मिळत गेले, तरी विसाव्या जगानंतर हात सवयीने चालू लागतात. उड्डाणाबद्दल तर बोलायलाच नको. गालिचा डोंगरावर आपटत नाही, उतारासोबत आपोआप वर चढतो. मग त्यात वैमानिकाचे कसब ते कोणते? लाल-निळ्या चष्म्यातून दिसणारे त्रिमितीय दृश्य आणि ठिपक्यांच्या नक्षीत नजर रोखल्यावर उमटणाऱ्या त्रिमितीय चित्राची सोय या गोष्टी प्रदर्शनात मांडण्यासारख्या होत्या, त्यांनी खेळ तसूभरही खोल झाला नाही. पहिल्यांदा पाहिलेले नवल मनात घर करते हे मी मान्य करतो, परंतु नवल म्हणजे गुणवत्ता नव्हे.

प्रतिसाद (मांडणीकर्त्याकडून)

आपटण्याची भीती काढून टाकणे हाच तर त्यातला विचार होता. गालिचा मागेही नेता येतो, म्हणून पाठलाग करणाऱ्या जादूगाराकडे तोंड ठेवून, मागे सरकत अग्निगोळे फेकता येतात. विमानाच्या खेळात हे शक्यच नाही. कसब लागते, फक्त ते सुकाणूचे नसून नजरेचे आणि निर्णयाचे आहे: आत्ता किल्ला मोठा करावा, की अर्धवट राहिलेला मॅना आधी ताब्यात घ्यावा? किल्ला उभा असेल तर मेल्यावर तिथूनच पुन्हा सुरुवात होते, आणि तो उद्ध्वस्त झाल्यावर मेलात तर डाव संपला. एवढ्या एका नियमामुळे घर सोडून दूर उडताना पोटात गोळा येतो.

प्रतिसाद (तिसरे मत)

दोघांच्याही म्हणण्यात यंत्राचा मुद्दा सुटला आहे. ६४० बाय ४८० ठिपक्यांचे स्पष्ट चित्र सुरळीत चालवायला पेंटियम प्रोसेसरचा संगणक लागे, आणि आपल्याकडे तेव्हा त्याआधीच्या पिढीचा ४८६ घरात असणे हीसुद्धा चैन होती. त्यामुळे अनेकांनी हा खेळ ३२० बाय २०० च्या भरड चित्रात, धुक्यात हरवलेल्या क्षितिजासह पाहिला. आज डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुने डॉस खेळ नव्या संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, तो त्या काळापेक्षा चांगला चालतो, तेव्हा आठवणींवर वाद घालण्यापेक्षा तो पुन्हा खेळूनच मत द्यावे.

प्रतिसाद (विरोधी)

डॉसबॉक्समध्ये मी तो खेळलोच आहे. पाण्यात पडणारे डोंगरांचे प्रतिबिंब आजही सुरेख दिसते, आणि किल्ल्याच्या नियमाबद्दलचे आपले म्हणणे मला पटले. परंतु उत्तरार्धातील जगांना केवळ शत्रूंची संख्या वाढवून कठीण केले आहे, हे माझे मत कायम आहे. त्यांतली निम्मी वगळली असती तर खेळ अधिक बांधीव झाला असता.