मदत हवी आहे: जुन्या औषधाच्या बाटलीतला पांढरा धुरकटपणा जात नाहीये

शेल्फवर मांडायला जुन्या केमिस्टच्या काचेच्या बाटल्या जमवतेय, त्यातल्या दोन आतून दुधाळ दिसतात. एक गडद निळी, अंगावर उभ्या रेघा असलेली (विषारी औषधाची, अंधारातही हाताला कळावी म्हणून तशा रेघा असायच्या), दुसरी साधी पारदर्शक, तिच्यावर अर्धवट कागदी लेबल आहे. दोन्हींवर साच्याची रेघ थेट ओठापर्यंत जाते म्हणजे मशीनवर बनलेल्या असाव्यात, १९०३ नंतरच्या.

निळीत व्हिनेगर भरून दोन दिवस ठेवलं, मग कोमट पाणी आणि कच्चे तांदूळ घालून खळखळवलं, कवळी साफ करायची गोळीपण टाकून बघितली. थोडा पिवळेपणा गेला, धुरकटपणा तसाच. गंमत म्हणजे पाणी भरलं की एकदम स्वच्छ दिसते, वाळली की परत दुधाळ! लेबलवाली बुडवता येणार नाही, लेबल मला जपायचंय, त्यामुळे तिच्यात फक्त आतून काय करता येईल तेवढंच सांगा. ॲसिड वगैरे घरात वापरणार नाही, मुलं आहेत. विकायच्या नाहीयेत, नुसत्या मांडायच्यात.

तर हा क्षारांचा थर आहे की काचच आतून खराब झालीय, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? आणि काच खराब झाली असेल तर आतून मिनरल ऑइलचा हात फिरवतात असं ऐकलंय, ते कोणी केलंय का, नंतर चिकट होऊन धूळ धरते का?