ट्रेलरच्या बेडखालच्या पेट्यांना पावसात हवा कशी द्यावी? (बजेट ३,०००)

शिवोलीचो_शेड
१४ फुटी ट्रेलर, गाडीमागे ओढायचा, आत राहायची सोय असलेला. जूनपासून चवथीपर्यंत पत्र्याच्या शेडखाली उभा, घरातून वायर ओढून लाईट दिलीय. बेडखाली दोन पेट्या, प्रत्येकी साधारण ६ बाय २ बाय दीड फूट. वर १२ मिमी प्लायचं झाकण, त्यावर फोमची गादी. गादीच्या पोटाला आणि मागच्या कोपऱ्यांत बुरा धरतो, कुबट वास जात नाही. पुढच्या लॉकरात ५ किलोचा गॅस. भोकं पाडायची तर कुठे आणि किती?

मांडवीपार
कॉम्प्रेसरवाला डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढणारं मशीन, घ्या, विषय संपला. नळी सिंकच्या निचऱ्यात सोडा, नाहीतर टाकी भरली की मशीन थांबतं. पंधरा-वीस हजारांत येतो.

शिवोलीचो_शेड
बजेट वर लिहिलंय हो.

मांडवीपार
दर वर्षी गाद्या फेकणार असाल तर ठीक आहे.

काजूबोंडू
ओल शोषणारे डबे मिळतात, कॅल्शियम क्लोराईडचे. पेटीत दोन-दोन ठेवा. फक्त सांडू देऊ नका, खाली साठणारं पाणी अॅल्युमिनियम आणि स्क्रू खातं. आणि पेटी बंद ठेवा, नाहीतर डबा अख्ख्या बार्देश तालुक्याची ओल ओढत बसेल!

चिरेबंदी
आधी ओल हवेतून येतेय की गळतीतून, ते बघा. मागच्या कोपऱ्यात आतल्या प्लायवर फूटभर पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा. २४ तासांनी प्लास्टिकच्या आतून थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय: खिडकीची चौकट, कोपऱ्याची पट्टी, टेललाईट यांपैकी काहीतरी. तिथे हवा देऊन उपयोग नाही. पट्टी काढून ब्यूटाईल टेप (चिकट रबरी पट्टी) भरा. सिलिकॉन थापू नका, पुढच्या वेळी त्यावर काहीच धरत नाही.

थेंब बाहेरून असतील तर हवेची ओल. ३० अंशांना ८५ टक्के दमट हवेतल्या ओलीचं २७ अंशांच्या आसपास पाणी होतं. झडीने भिजलेला ट्रेलरचा पत्रा २६ वर आला की आतून घाम फुटलाच. म्हणून पावसाळ्यात बाहेरच्या पत्र्याला भोकं पाडू नका. बाहेरची दमट हवाच आत घेऊन काय सुकणार? भोकं आतल्या, वाटेकडच्या फळीला: एका टोकाला खाली दोन, दुसऱ्या टोकाला वर दोन, ५० मिमीच्या होल-सॉने (ड्रिलला लावायची गोल करवत). मच्छरजाळी लावलीत तर हवेची वाट निम्मी होते, तेव्हा ७० मिमी धरा. वरच्या एका भोकावर ८० मिमीचा १२ व्होल्टचा संगणकाचा पंखा, हवा बाहेर फेकणारा. साधारण ०.१ ते ०.१५ अँपिअर खातो, म्हणजे दिवसाला अडीच ते साडेतीन अँपिअर-तास. शेडखाली सोलर नाही, तेव्हा चार्जर हवा.

झाकणाला २५ मिमीची भोकं, सहा इंचांवर एक, कडेपासून चार इंच सोडून. प्रत्येक भोकाच्या आतून वॉर्निश फिरवा. प्लायची कापलेली कड पाणी पिते आणि सहा महिन्यांत फुगते.

इंजिन_बंद
बाहेर भोकं नकोत याच्याशी सहमत. पण पंखा कशाला? १५ वॅटचा बल्ब लावा, जुन्या घरांत कपाटात लावायचे तसा.

काजूबोंडू
पिवळा बल्ब आता मिळतो कुठे? एलईडी गरम होत नाही.

इंजिन_बंद
मग १५ वॅटचा हीटर रॉड. काम तेच.

चिरेबंदी
काम होतं. तीच हवा ३० वरून ३३ अंशांवर नेली तर ८५ टक्क्यांची सुमारे ७२ होते. पण फोमला चिकटून ठेवू नका, आणि बंद ट्रेलरमध्ये महिनोन्‌महिने लक्ष न देता चालू तर नकोच.

मांडवीपार
गॅसच्या लॉकरलाही वरच भोक पाडा, गॅस वर जातो.

चिरेबंदी
चूक! एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो तळाशी साठतो. भोक लॉकरच्या तळाला, थेट बाहेर, कायम उघडं. आणि लॉकर व राहायची जागा यांच्यामध्ये फट नको. वर जातो तो चार्ज होणाऱ्या लेड-ॲसिड बॅटरीचा हायड्रोजन. तिच्या पेटीला वर.

काजूबोंडू
गॅसला खाली, बॅटरीला वर. डब्यांचं लक्षात ठेवा.

मांडवीपार
डीह्युमिडिफायरने गादी तरी वाचली असती.

शिवोलीचो_शेड
प्लास्टिक लावून बघितलं. डाव्या कोपऱ्यात थेंब आतून, म्हणजे टेललाईटच गळतोय. उजवीकडे बाहेरून. तर ठरलं असं: ब्यूटाईल टेपची एक गुंडाळी, बस्स. पंखा नाही, रॉड नाही, डबे नाहीत. गाद्या घरी माळ्यावर, झाकणं काढून आडवी बाहेर, पेट्या रिकाम्या. भोकांचं ऑक्टोबरात बघू.

इंजिन_बंद
एवढं विचारून शेवटी झाकणंच काढली.

चिरेबंदी
चालेल. पण झाकणं थेट एकावर एक रचू नका, मध्ये पट्ट्या घालून सपाट आडवीच ठेवा, उभी टेकवलीत तर बाक येतो. आणि गॅसच्या तळाच्या जाळीत खिळा घालून बघा. कुंभारमाशी ती मातीने बुजवते, आणि बाहेरून कळतही नाही.