मदत हवी आहे: सचखंडने अमृतसरला जाताना एक रात्र कुठे उतरावं? भोपाळ, ग्वाल्हेर की दिल्ली?

पैठणकर

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीच्या शेवटी आई-बाबांना घेऊन घुमानला, म्हणजे पंजाबात संत नामदेव राहिले त्या गावी, जायचं घाटतंय. बाबा वारकरी, नामदेवरायांचे अभंग रोजच्या पाठात. २०१५ साली घुमानला साहित्य संमेलन भरलं तेव्हापासून तिथे जायची त्यांची इच्छा आहे. नामदेवांचं जन्मगाव नरसी झालं, पंढरपूर तर दरवर्षीचंच. पंजाबातलं घुमान तेवढं राहिलंय. विमानाचं नाव काढलं की दोघंही नको म्हणतात, म्हणून रेल्वेच.

आम्ही छत्रपती संभाजीनगरला असतो, त्यामुळे नांदेडहून येणारी सचखंड एक्स्प्रेस सोयीची पडते. दुपारी इथे बसलं की दुसऱ्या दिवशी रात्री अमृतसर, कुठेही गाडी बदलायची नाही. पुढे घुमानपर्यंत भाड्याची गाडी करू. अडचण आईच्या गुडघ्यांची आहे. तास-दोन तास बसली की गुडघे आखडतात. मग वरच्या बर्थची कडी धरून थोडा वेळ उभी राहते, तेव्हा कुठे पहिलं पाऊल पडतं. तीस तासांचा सलग प्रवास तिच्याने होणार नाही, हे घरातल्या सगळ्यांना मान्य आहे. मध्ये एक रात्र उतरून नीट पलंगावर झोप व्हावी, गरम पाण्याने अंघोळ व्हावी आणि मग पुढे निघावं, असा विचार आहे.

भोपाळ अर्ध्या वाटेच्या अलीकडे येतं, पण गाडी तिथे मध्यरात्र उलटल्यावर पोचते. ग्वाल्हेरला उजाडता उजाडता. तिथे झाशीच्या राणीची समाधी आहे, आईच्या मनात ते फार आहे. दिल्ली दुपारच्या सुमारास येते, तिथे हॉटेलं हवी तेवढी, पण एवढ्या मोठ्या स्टेशनात आईला घेऊन बाहेर पडायचं म्हणजे माझ्याच पोटात गोळा येतो.

ज्यांनी वडीलधाऱ्यांना घेऊन या मार्गाने प्रवास केलाय त्यांनी कृपया सांगा, कुठे उतरू? तिकीट एकच काढायचं की दोन? आणि पहाटे पोचलो तर हॉटेलवाले खोली देतात का? स्थळदर्शन झालं तर आनंद, नाही झालं तरी चालेल. आईला त्रास होऊ नये, एवढंच बघायचंय.

रूळमित्र

पैठणकर, आधी भोपाळचा विचार सोडा. शहर सुंदर आहे, जवळ सांची आहे, पण रात्री एक वाजता आईला झोपेतून उठवून फलाटावर उतरवायचं, मग रिक्षा, मग हॉटेलची बेल वाजवत उभं राहायचं, यात विश्रांती कसली? ज्या रात्रीसाठी उतरताय ती रात्रच वाया जाईल. गाडीत झोप लागलेली असेल तर ती मोडू नका. मुक्कामाचं गाव निवडताना मी नेहमी गाडी तिथे किती वाजता पोचते आणि तिथून किती वाजता सुटते, हे आधी बघतो. तिथे बघायला काय आहे ते नंतर.

आता तिकिटाबद्दल. पाचशे किलोमीटरहून लांबच्या तिकिटावर रेल्वे मध्ये उतरायची मुभा देते. पहिले ५०० किलोमीटर झाल्यावरच उतरता येतं. तिकीट १,००० किलोमीटरपर्यंतचं असेल तर एकदा, त्याहून लांबचं असेल तर दोनदा, आणि प्रत्येक वेळी जास्तीत जास्त दोन दिवस. यात उतरण्याचा आणि पुन्हा बसण्याचा दिवस धरत नाहीत. राजधानी, शताब्दीसारख्या गाड्यांना ही सवलत नाही. भाडं सलग अंतराचं लागत असल्याने दोन वेगळ्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं. पण हे सगळं आरक्षण खिडकीवर जाऊन, फॉर्मवर तसं लिहून करावं लागतं, आणि उतरल्यावर स्टेशन मास्तरांकडून तिकिटावर नोंद करून घ्यावी लागते. मोबाइलवरून काढलेल्या तिकिटात ही सोय मिळत नाही. तुमच्या जागी मी असतो तर चार पैसे जास्त गेले तरी सरळ दोन तिकिटं काढली असती. आईला बाकड्यावर बसवून कार्यालय शोधत फिरायची वेळ येत नाही.

आणखी एक. आई-बाबांचं तिकीट वेगळं काढा आणि तुमचं वेगळं. ज्येष्ठांचा खालच्या बर्थचा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर लागू होतो. तिघांचं एकत्र काढलंत तर तो हातचा जाईल. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस नाही. सचखंड लवकर भरते, तेव्हा पहिल्याच दिवशी सकाळी बसा.

लष्करवाली

मी ग्वाल्हेरची, लष्कर भागात वाढलेली. पैठणकर दादा, आईंच्या मनात राणीसाहेबांची समाधी आहे हे वाचून फार बरं वाटलं. समाधी फुलबागेत आहे, स्टेशनपासून अगदी जवळ, रिक्षाने काही मिनिटं. जागा सपाट आहे, चढ-उतार नाही. आईंना आरामात तिथे बसता येईल. १८५८ च्या जूनमध्ये इथेच लढताना त्या पडल्या. आमच्या घरातली मोठी माणसं तिथून जाताना आजही हात जोडतात.

किल्ला मात्र विचार करून ठरवा. ग्वाल्हेर दरवाज्याकडून पायी चढायचं असतं, ते त्यांना जमणारच नाही. उरवाई दरवाज्याकडून मोटार थेट वर जाते, वाटेत कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती गाडीतूनच दिसतात. वर मानमंदिर राजवाड्यात पायऱ्या आहेत, ते बाहेरूनच बघा, निळ्या टाइलांचं काम बाहेरच्या भिंतीवरच आहे. बाबांना मात्र वरच्या दाताबंदी छोड गुरुद्वाऱ्यात जरूर न्या. गुरू हरगोविंदांना जहांगीराने याच किल्ल्यावर कैदेत ठेवलं होतं. घुमानच्या पलीकडे श्री हरगोबिंदपूर म्हणून गाव आहे ना, ते त्यांच्याच नावाचं. बाबांची यात्रा इथूनच सुरू झाली असं समजा.

पहाटेच्या खोलीचं म्हणाल, तर हॉटेलात दुपारी बाराच्या आधी खोली मिळेल याची खात्री धरू नका. आदल्या रात्रीपासूनचं आरक्षण करा आणि फोन करून 'सकाळी सात वाजता येतोय, खोली दुसऱ्याला देऊ नका' असं सांगून ठेवा. एका रात्रीचं भाडं जास्त जाईल, पण आल्या आल्या अंघोळ करून आईंना आडवं होता येईल.

अंबाल्याची सून

माझं मत थोडं वेगळं. ग्वाल्हेरला उतरलात तर दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठून पुन्हा सचखंड पकडायची आणि पुढे दिवसभर, साधारण चौदा तास, गाडीत. आईंच्या गुडघ्यांचं दुखणं बसण्यातलं आहे, मग हे चौदा तास कसे काढणार? दिल्लीपर्यंत गेलात तर पहिला टप्पा लांब होतो खरा, पण त्यातली रात्र झोपेत जाते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या शताब्दीने सहा-साडेसहा तासांत अमृतसर, तेही दुपारी, उजेडात.

नवी दिल्ली स्टेशनची धास्ती घेऊ नका. बाहेर पडायच्या दोन बाजू आहेत, पहाडगंजकडे एक नंबरचा फलाट आणि अजमेरी गेटकडे सोळा नंबरचा. गाडी कुठल्या फलाटावर लागतेय ते बघून त्या बाजूने बाहेर पडा, म्हणजे लांबलचक पूल ओलांडावा लागत नाही. हमाल आणि व्हीलचेअर दोन्ही मिळतात. हॉटेल मात्र आधीच ठरवा, दारात येणाऱ्या दलालांच्या मागे जाऊ नका.

धुक्याचंही सांगते. डिसेंबर-जानेवारीत झाशीच्या पुढे गाड्या तासन् तास रखडतात. तुम्ही फेब्रुवारीअखेर निवडलात ते योग्य केलंत. कुणी जानेवारीतल्या माघीच्या जत्रेला घुमानला जायचं म्हणत असेल तर त्याने पहाटेची गाडी धरूच नये, थंडीत फलाटावर वाट बघण्यात माणूस आजारी पडतो.

पैठणकर

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, चौदा तासांचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. आईला दोन्ही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दिवसा मी उठून दारापर्यंत फेऱ्या मारीन, रात्रीचं अंधारात जमत नाही. समाधी बघू." बाबांनी तर दाताबंदी छोडचं नाव वहीत लिहूनसुद्धा ठेवलं.

म्हणजे ग्वाल्हेर नक्की. पण तिथून पुढे त्याच दिवशी अमृतसर न गाठता दिल्लीला दुपारी उतरून दुसरी रात्र तिथे काढली आणि सकाळी शताब्दी धरली तर? सुट्टी एक दिवस वाढवून मिळेल. तीन तुकडे झाले की एकही फार लांब होत नाही.

रूळमित्र

उत्तम. तसंच करा. ग्वाल्हेर ते दिल्लीसाठी मग सचखंडचीच पहाट कशाला? त्या मार्गावर दिवसभर गाड्या आहेत, नाश्ता करून निघा आणि दहा-अकराच्या सुमाराची एखादी बघा. तिन्ही टप्प्यांची तिकिटं वेगवेगळी काढा, शताब्दीचं सर्वात आधी. सचखंडमध्ये वाटेत काही स्टेशनांवर सेवेकरी लंगर वाटतात, डाळ, भाजी, खिचडी असं गरम जेवण. घरून ताटल्या-वाट्या बरोबर घ्या, ते भांड्यातच वाढतात.

लष्करवाली

आणि दादा, निघायच्या आधी मला व्यक्तिगत निरोप करा. फुलबागेच्या जवळची, लिफ्ट असलेली आणि कमोडची सोय असलेली दोन-तीन ठिकाणं भावाला प्रत्यक्ष बघून यायला सांगते.