सिव्हिल थ्रीडी शिकताना पहिलं ड्रॉइंग कोणत्या टेम्प्लेटवर उघडावं?

प्रश्न
सिव्हिल थ्रीडी (ऑटोकॅडवर चालणारं रस्ते-सर्व्हेच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर) शिकतोय. ‘न्यू’ केलं की डीडब्ल्यूटी, म्हणजे टेम्प्लेट फायलींची यादी येते: एकॅड, एकॅड-आयएसओ आणि एनसीएसच्या (अमेरिकन कॅड स्टँडर्ड) दोन, एक इम्पीरियल (फुटांची), एक मेट्रिक (मीटरची). साध्या ऑटोकॅडच्या सवयीने एकॅड-आयएसओ घेतली. सर्व्हेच्या पॉइंट्सवरून सरफेस (जमिनीचा पृष्ठभाग) झाला, पण स्टाइलच्या यादीत ‘स्टँडर्ड’शिवाय काही नाही आणि सगळं शून्य लेयरवर जातंय. सर्व्हे मीटरमध्ये आहे. कोणती फाइल घ्यावी? की स्वतःचं टेम्प्लेट बनवतच शिकावं?

उत्तर १
मेट्रिक एनसीएस घ्या. सिव्हिल थ्रीडीत सरफेस, अलाइनमेंट (रस्त्याची मध्यरेषा), प्रोफाइल (तिच्यावरचा उंचसखलपणा) हे ऑब्जेक्ट असतात, आणि ते कसे दिसायचे हे स्टाइल ठरवते. एकॅड-आयएसओ साध्या ऑटोकॅडसाठी आहे. त्यात या स्टाइल नाहीतच, म्हणून प्रोग्राम कामापुरती ‘स्टँडर्ड’ करून देतो. शिवाय तिचं एकक मिलिमीटर. मीटरमधला ब्लॉक आणलात तर तो हजारपट होऊन पडतो.

मेट्रिक एनसीएसमध्ये १ मी. आणि ५ मी. कंटूरच्या (समोच्च रेषांच्या) स्टाइल, प्रोफाइल व्ह्यू, लेबलं, लेयर सगळं बांधलेलं मिळतं. लेयरची नावं अमेरिकन कॅड स्टँडर्डची आहेत, पण शिकताना त्याने काही अडत नाही.

उघडल्याबरोबर, एकही पॉइंट आणण्याआधी: टूलस्पेस, सेटिंग्ज टॅब, ड्रॉइंगच्या नावावर राइट क्लिक, एडिट ड्रॉइंग सेटिंग्ज, युनिट्स अँड झोन. एकक मीटर आहे ना ते बघा, कोऑर्डिनेट झोन (नकाशाची निर्देशांक पद्धत) ठरवा. स्केलही इथेच. लेबलची उंची कागदावरच्या मापात असते: २.५ मि.मी.चं अक्षर १:१००० ला मॉडेलमध्ये २.५ मीटर होतं. लेबलं राक्षसी किंवा मुंगीएवढी दिसली की आधी स्केल तपासा, स्टाइलला हात लावू नका.

आणि ऑप्शन्स, फाइल्स, टेम्प्लेट सेटिंग्जमध्ये क्यू-न्यूसाठी (झटपट नवं ड्रॉइंग उघडणारी कमांड) हीच फाइल लावून टाका, म्हणजे चुकून दुसरी उघडणार नाही.

उत्तर २
वरच्यात एक भर. टेम्प्लेट मेट्रिक घेतलं तरी सबअसेम्ब्लीचं (रस्त्याच्या छेदाचे लेनसारखे तयार तुकडे) टूल पॅलेट आपोआप मेट्रिक होईलच असं नाही. इम्पीरियल पॅलेटमधली लेन उचललीत तर रुंदी १२ येते. ते १२ फूट असतात, मीटरच्या ड्रॉइंगमध्ये मात्र १२ मीटरची लेन होते. मेट्रिक पॅलेटमध्ये तीच ३.६ असते. पाइप नेटवर्कच्या कॅटलॉगचंही तसंच: तो इम्पीरियलवर राहिला तर पार्ट्स लिस्टमधले पाइप सापडत नाहीत.

सोबतच्या ट्यूटोरियलमधले बरेच धडे फुटांत आहेत. धडा इम्पीरियल टेम्प्लेट सांगत असेल तर तेवढ्यापुरतं तेच घ्या, नाहीतर आकडे जुळत नाहीत आणि चूक कुठे झाली ते शोधण्यात वेळ जातो.

प्रश्नकर्ता
इम्पीरियलवरही एक सराव ड्रॉइंग आहे, पॉइंट मात्र मीटरचेच आणलेत. लँड-एक्सएमएल (डिझाइनचा डेटा एकीकडून दुसरीकडे नेणारी फाइल) काढून मेट्रिकमध्ये आणलं तर चालेल ना?

उत्तर ३
तसंच काढलं तर फसाल. फाइलवर ‘फूट’ लिहिलं जाईल आणि मेट्रिकमध्ये आणताना प्रत्येक आकडा ०.३०४८ ने गुणला जाईल. तुमचे आकडे तर मुळातच मीटर आहेत. आधी त्या ड्रॉइंगचं एकक युनिट्स अँड झोनमध्ये मीटर करा. तिथे बदल केल्याने भूमिती लहान-मोठी होत नाही, फक्त आकड्याचा अर्थ बदलतो. मग एक्सपोर्ट करा. आणल्यावर दोन पॉइंटमधलं अंतर सर्व्हेशी ताडून बघा. सरफेस, अलाइनमेंट, प्रोफाइल येतील. कॉरिडॉर (रस्त्याचं पूर्ण त्रिमितीय मॉडेल) आणि स्टाइल येणार नाहीत. नुसते पॉइंटच असतील तर मूळ टेक्स्ट फाइल पुन्हा आणा, तेच सोपं.

एकॅड-आयएसओवालं ड्रॉइंग वाचवायचंच असेल तर मॅनेज टॅबवरून मेट्रिक एनसीएसच्या स्टाइल इम्पोर्ट करता येतात. ओके दाबण्याआधी यादी नीट वाचा. सारख्या नावाची स्टाइल बदलली जाते, आणि काही गोष्टी काढून टाकण्याचीही खूण तिथे असू शकते. तरी माझं मत: सरावाचं ड्रॉइंग आहे, नव्याने करा.

उत्तर ४
स्वतःच्या टेम्प्लेटबद्दल: कोऱ्यापासून अजिबात नको. एक छोटा रस्ता सरफेसपासून क्रॉस सेक्शनपर्यंत मेट्रिक एनसीएसवर पूर्ण करा. जी स्टाइल खटकेल तिची कॉपी करून वेगळ्या नावाने बदला. मूळची बिघडवलीत तर तुलनेला काही उरत नाही. मग रिकाम्या ड्रॉइंगमध्ये तेवढ्याच स्टाइल आणून डीडब्ल्यूटी म्हणून सेव्ह करा.

त्यात एक गोष्ट जरूर घाला: एडिट ड्रॉइंग सेटिंग्जच्या ऑब्जेक्ट लेयर्स टॅबमध्ये अलाइनमेंटला ‘सफिक्स’ निवडून त्यापुढे आडवी रेघ आणि तारा (-*) टाइप करा. ताऱ्याच्या जागी ऑब्जेक्टचं नाव येतं, म्हणून प्रत्येक अलाइनमेंट आपापल्या लेयरवर जाते आणि एकेक बंद करता येते.

फाइल प्रोग्रामच्या टेम्प्लेट फोल्डरमध्ये ठेवू नका. ते युजरच्या लपवलेल्या अ‍ॅपडेटामध्ये, दर आवृत्तीला वेगळं असतं. नवी आवृत्ती टाकली की ‘टेम्प्लेट गेलं कुठे’ म्हणून शोधाशोध होते. आपलं वेगळं फोल्डर करा आणि ऑप्शन्समध्ये त्याचा पत्ता द्या.