मदत हवी आहे: ज्वालामुखीच्या राखेपासून सौरउष्णतेने सिलिकॉन, शुद्धीकरण आधी की नंतर?

नमस्कार.

जुन्नर तालुक्यातील बोरी येथे कुकडीकाठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ती राख सुमात्रातील तोबा ज्वालामुखीची मानली जाते. तिच्या वयाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. ‘या राखेपासून सोलर पॅनेलचे सिलिकॉन करता येईल का?’ असे एका विद्यार्थिनीने विचारले आणि तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. त्या थराजवळ अश्मयुगीन हत्यारे सापडलेली असल्याने तेथील राख कोणीही उकरू नये, असे माझे ठाम मत आहे. म्हणून प्रयोगासाठी बाजारातील प्यूमिसची पूड घेतली आहे. तीही ज्वालामुखीची काचच असून बोटांत चोळली की खरखरीत लागते.

मोठ्या फ्रेनेल भिंगाखाली (ऊन एका बिंदूवर गोळा करणारे, खाचांचे सपाट भिंग) ही पूड वितळते आणि थंड झाल्यावर तिचा फुगीर, काचेसारखा मणी होतो. परंतु वितळणे वेगळे आणि सिलिकापासून (सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे संयुग) ऑक्सिजन तोडणे वेगळे. त्यासाठी कारखान्यांत शुद्ध क्वार्ट्झ आणि कोळसा विजेच्या भट्टीत सुमारे 2000 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि एक किलो सिलिकॉनमागे 11 ते 13 युनिट वीज लागते. एक चौरस मीटर भिंगावर भर दुपारी जेमतेम एक किलोवॉट ऊन पडते, म्हणजे काही ग्रॅमच्या पुढची अपेक्षा मी ठेवलेली नाही. फ्रान्समधील ओदेयो येथील एक मेगावॉटची सौरभट्टी 3000 अंशांच्या वर जाते, तेव्हा उष्णतेची अडचण तत्त्वतः नाही.

खरी अडचण कच्च्या मालाची आहे, म्हणूनच शुद्धीकरण आधी करावे की नंतर, हा प्रश्न. अशा राखेत सिलिका साधारण 70 टक्के. उरलेल्यात ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड), लोह, सोडियम, पोटॅशियम. राख तशीच कोळशाबरोबर तापवली तर लोह आधी सुटून सिलिकॉनमध्ये मिसळेल. कॉस्टिक सोड्यात विरघळवून सिलिका वेगळी काढावी, तर ॲल्युमिना तिच्याबरोबर झिओलाइट (दोघींचे मिळून बनणारे घन संयुग) होऊन बसते. कोळशाऐवजी मॅग्नेशियमने ऑक्सिजन तोडण्याचे काम सुमारे 650 अंशांना होते, पण ती अभिक्रिया स्वतःच इतकी उष्णता देते की सूर्य केवळ काडी लावण्यापुरता उरतो. शिवाय मॅग्नेशियम जास्त झाले तर पुढे आम्लात धुताना हवेत आपोआप पेटणारा सिलेन वायू सुटतो, म्हणून विद्यार्थ्यांसमोर ही पद्धत मला नको आहे.

ज्यांनी काचेसारख्या राखेतून ॲल्युमिना प्रत्यक्ष वेगळी केली आहे, त्यांनी कोणते आम्ल, किती तीव्र आणि किती तापमानाला वापरले, ते कृपया सांगावे. तसेच कोळशाच्या मार्गाने गेल्यास कार्बन मोनॉक्साइड सुरक्षितपणे बाहेर नेणारी आणि वाफांनी काळवंडणार नाही अशी काचेची खिडकी असलेली छोटी बंदिस्त कुपी कशी बांधावी, याबद्दलही मार्गदर्शन हवे आहे.