शेवाळी की पारवा? गडद हिरवट-राखाडी भिंतीचे अनुभव सांगा

मनीषनगरवाली:
नवीन फ्लॅट, हॉलच्या एका भिंतीला गडद हिरवट-राखाडी द्यायचाय. शेडकार्डाच्या तीन पट्ट्या आठ दिवस झाले पाहून राहिले, मला तिन्ही वेगळ्या दिसतात, नवऱ्याला एकच, आणि सासूबाई म्हणतात विहिरीतलं शेवाळ कोण घरात आणतं बाई. ज्यांनी लावला त्यांनी सांगा, फसलेले आधी.

खामलेकर:
मी फसलो ना. दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली मस्त पारवा दिसला, जराशी हिरवी झाक. घरी हॉलमधे पिवळे एलईडी, ३००० केल्विनवाले, रात्री लावले तर भिंत पार मेंदीची! पेंटरवर चढलो की तू डबा बदलला, त्यानं काही न बोलता झाकण पुढं केलं, कोड तोच. मग स्वयंपाकघरातला ६५०० वाला पांढरा बल्ब काढून हॉलमधे लावून पाहिला तर बाप्पा, पुन्हा पारवा. शेवटी बल्बच बदलले, ४००० चे, ना पिवळे ना पांढरे.

रंगकामवाला, सक्करदरा:
पट्टीवरून ठरवूच नका जी. छोटा डबा बनवून घ्या, दोन फुटी पुठ्ठ्याला प्रायमर मारून वर दोन हात द्या आणि रात्रभर सुकू द्या, ओला इमल्शन फिका दिसतो, सुकला की गडद होते. जुन्या पिवळ्या भिंतीवर सॅम्पल मारणारे लोक तर मला समजतच नाहीत, बाजूच्या पिवळ्यानं डोळा फसते. पुठ्ठा सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिवे लावून, तिन्ही वेळा त्याच भिंतीला टेकवून पाहा. एलआरव्हीचा, म्हणजे रंग किती उजेड परत फेकते त्याचा, आकडाही पाहा, ० म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा. पट्टीवर सारख्या दिसणाऱ्या शेड, एक ८ आन् एक १५ निघाली तर पूर्ण भिंतीवर फरक दिसतेच.

महालची ताई:
रंग कोणताही घ्या, कूलरच्या खिडकीखाली मॅट, म्हणजे बिनचकाकीचा, नको. आमच्याकडं मे संपेपर्यंत त्या भिंतीवर खाऱ्या पाण्याचे पांढरे ओघळ, फिक्या भिंतीवर कधी कळलेच नव्हते. पुसलं तर पुसल्याची चकाकी, टचअप केलं तर चट्टा, कारण उरलेला रंग संपला होता आणि त्याच कोडचा नवा डबा एक केसभर वेगळा आला. शेवटी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत पुन्हा. अर्धा लिटर तरी जपून ठेवा, झाकणावर तारीख-कोड लिहून.

प्रतापनगर:
गडद रंगानं घर तापते म्हणतात ते बाहेरून ऊन खाणाऱ्या भिंतीचं, आतल्या नाही. आमचा हॉल ४५ डिग्रीत आधीही तापत होता, आताही तापते.

मनीषनगरवाली:
पुठ्ठे केले. पश्चिमेच्या खिडकीजवळ चार वाजता पहिला सरळ तपकिरी झाला, बाद. दुसरा रात्री काळाच. तिसऱ्याकडं पाहून सासूबाई म्हणाल्या, हा शेवाळ नाही, हा पावसातला सातपुडा आहे. नवरा अजूनही म्हणते तिन्ही एकच.