कागदी कंपनीच्या नावावर आयात: खटला खऱ्या मालकापर्यंत कसा पोचतो?

उरणकर:
मालाची किंमत बिल ऑफ एंट्रीत (आयात मालाच्या सीमाशुल्क विवरणपत्रात) मुद्दाम कमी दाखवायची, आयईसी कोड (आयात-निर्यातीसाठी लागणारा नोंदणी क्रमांक) एखाद्या ड्रायव्हरच्या किंवा शिपायाच्या नावावर काढायचा आणि उरलेली रक्कम परदेशी विक्रेत्याला हवालामार्गे द्यायची, अशी प्रकरणे न्हावा शेवासारख्या बंदरांत वारंवार उघडकीस येतात. शुल्काची नोटीस कंपनीला जाते, पण तिच्याकडे भाड्याच्या गाळ्याखेरीज काहीच नसते. अशा वेळी पडद्यामागच्या माणसावर फौजदारी खटला टिकतो का?

निवृत्त अप्रेझर (सीमाशुल्क खात्यातला मूल्यांकन अधिकारी):
टिकू शकतो. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ मध्ये २०१७ साली ‘लाभार्थी मालक’ ही व्याख्या आली. ज्याच्या वतीने माल येतो किंवा मालावर ज्याचा प्रत्यक्ष ताबा चालतो, तोही तेव्हापासून आयातदार ठरतो. त्यामुळे ‘कोड माझ्या नावावर नाही’ एवढे सांगून सुटता येत नाही. चुकवलेले शुल्क ५० लाख रुपयांहून अधिक असेल, तर कलम १३५ खाली सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. मात्र कलम १३७ प्रमाणे प्रधान आयुक्त किंवा आयुक्त यांची पूर्वमंजुरी नसेल, तर न्यायालय त्या गुन्ह्याची दखलच घेऊ शकत नाही.

फौजदारी वकील:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण खटले अडतात ते पुराव्यावर. कलम १०८ खाली सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी घेतलेले जबाब पोलिसांपुढचे मानले जात नाहीत, म्हणून ते पुराव्यात येतात. तरीही आरोपीने जबाब फिरवला की त्याला दुजोरा देणारे काही आहे का, हे न्यायालय पाहतेच. किंमत कमी दाखवल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारीही विभागावरच असते. साउथ इंडिया टेलिव्हिजन प्रकरणात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने, त्याच सुमारास आलेल्या तुलनीय मालाच्या किमतींचा पुरावा हवा, असे स्पष्ट केले होते. कलम १३८-ए गुन्हेगारी हेतू गृहीत धरते हे खरे, पण माल कोणी मागवला याचे उत्तर त्या गृहीतकातून मिळत नाही. ते उत्तर, शुल्काचे पैसे कोणत्या खात्यातून आले, कंटेनर कोणाच्या गोदामात रिकामा झाला आणि खरे इन्व्हॉइस कोणाच्या मोबाइलवर आले, यातून मिळते. मोबाइलमधल्या मजकुराला कलम १३८-सी खालचे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र जोडले नसेल, तर बचाव पक्ष पहिला हल्ला तिथेच करतो.

माझे ठाम मत आहे की, थोड्याशा पैशांसाठी आधार आणि पॅन देणाऱ्या माणसाला मुख्य आरोपी करू नये. कोड काढायला त्याला कोण घेऊन गेले आणि कोऱ्या धनादेशांवर सह्या कोणी घेतल्या, हे सांगू शकणारा तोच असतो. त्याला साक्षीदार केले, तर साखळी जोडली जाते.

उरणकर:
आणि सीएचए, म्हणजे आयातदारासाठी सीमाशुल्काचे काम पाहणारा परवानाधारक एजंट?

निवृत्त अप्रेझर:
२०१८ च्या परवाना विनियमांनुसार ग्राहकाचा आयईसी, जीएसटी क्रमांक आणि ओळख पडताळणे, तसेच दिलेल्या पत्त्यावर त्याचा व्यवसाय खरोखर चालतो याची खात्री करणे, हे त्याचे कर्तव्य आहे. त्यात कसूर झाली तर परवाना जाऊ शकतो. फौजदारी खटल्यात मात्र केवळ निष्काळजीपणा पुरत नाही. फसवणूक त्याला ठाऊक होती, हे कागदपत्रांतून दाखवावे लागते.